महजूबा आणि चाळिसाव्या दिवसाचे न्हाण

महजूबाला बायका चेहऱ्याने ओळखू येत नाहीत. सेफ्रूच्या गुरुवारच्या बाजारात कुणी तिला मानाची हाक मारून म्हटले, "लल्ला महजूबा, ओळखलं नाही का?" तर ती सरळ सांगते, "जरा पाठ वळव गं." भाजीवाले खो खो हसतात आणि ती बाई लाजून झग्याचे टोपडे पुढे ओढते. यात थट्टा काही नाही. एकतीस वर्षे महजूबाने या गावातल्या बायकांच्या पाठी, पोटे आणि मांड्या घासल्या आहेत. तोंड जी ती आपले आपण धुते, त्यामुळे ते तिच्या लक्षात राहत नाही.

मी हनिया. ती राबते त्या हम्मामच्या, गावच्या सामाईक न्हाणीघराच्या, दाराशी ओट्यावर बसून बायकांचे कपडे, चपला आणि बांगड्या सांभाळते. आम्ही दोघी एकाच वर्षी कामाला लागलो. मला बोलायला माणूस लागते, म्हणून मला दार मिळाले. तिला नुसते गरम पाणी पुरते, म्हणून ती आत. गावात म्हणतात की हनियाला सांगितलेले संध्याकाळपर्यंत नदीपलीकडे पोचते. म्हणोत. महजूबाबद्दल मात्र कुणी असे म्हणू शकत नाही. आत पाहिलेले ती बाहेर कधीच बोलली नाही. मुलांसाठी मुली बघणाऱ्या आया तिला कोपऱ्यात गाठून विचारतात, अमकीच्या अंगावर काही डाग, काही व्यंग? ती म्हणते, "बाई, मी वाफेत काम करते. मला काही दिसत नाही."

तिचे हात दिसायला अगदी बेंगरूळ. बोटे जाड, नखे मुळापर्यंत कापलेली, पाण्यात राहून राहून कातडी पांढरट पडलेली. पण अंग घासायचा खरखरीत हातमोजा घालून तिने पाठीवरून एक हात फिरवला की भांडून आलेली बाई तिथेच डुलक्या घेऊ लागते. हे मी किती वेळा पाहिले असेल त्याला गणती नाही, आणि अजूनही मला ते नवल वाटते.

तिला स्वतःला मूल झाले नाही. दोन नवरे झाले, दोघांनी सोडले. ती आली तेव्हा बायका कुजबुजायच्या की वांझेचा हात बाळंतिणीला लागू नये. तिला शिकवणारी म्हातारी सुईण लल्ला तामो फटकळ होती. ती भर हम्मामात ओरडली, "जिचं घर भरलेलं ती दुसरीच्या घरात डोकावत नाही. हिला बघू द्या, ही नीट बघेल." आणि महजूबाने नीटच पाहिले. बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवला की ती हलकेच "तबारकल्ला" म्हणते आणि थोडा वेळ तशीच थांबते. अल्लाने भरभरून दिले, असे म्हणायची आमची रीत आहे. दृष्ट लागू नये म्हणून आम्ही ते येता जाता म्हणतो, तिच्या तोंडी मात्र ते नुसते म्हणायचे म्हणून कधी येत नाही.

मी एकदा विचारले, "कंटाळा नाही येत गं तुला? शंभर पोटं पाहिलीस, एकशेएकाव्यात नवीन काय?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली जशी मीच खुळी. "हनिया, एक माणूस होता आत. अख्खा. नखांसकट. आणि तू कंटाळा विचारतेस?"



चाळिसाव्या दिवसाचे न्हाण हे तिचे मुख्य काम. आधी काळा साबण, मग घासणे, मग मातीचा लेप, आणि सगळ्यात शेवटी शद्द. बाळंतिणीला कोमट फरशीवर उताणे निजवून लांब सुती कापड कपाळापासून पावलांपर्यंत एकेका जागी गुंडाळायचे आणि दोघींनी दोन टोके धरून ओढायची. मूल बाहेर आले तरी आईचे अंग उघडेच राहिलेले असते, ते मिटवायचे. आमच्याकडे म्हण आहे, बाळंतिणीची कबर चाळीस दिवस उघडी असते. म्हणून त्या दिवसांत तिला एकटे ठेवत नाहीत. घरात नाही, आणि हम्मामात तर नाहीच नाही.

आता विआमबद्दल सांगते. लल्ला बतूलची धाकटी सून. नवरा तांजाला कारखान्यात, शनिवारी येतो. पोरगी हुशार, हाताला चव आहे, आणि मोबाइलवर ती स्वयंपाकाच्या, कपड्यालत्त्याच्या गोष्टी दाखवते. अकरा हजार लोक तिला बघतात म्हणे. आमच्या गल्लीत इतक्या लोकांनी आजवर कुणाकडे पाहिलेले नाही. तिला मुलगी झाली, तस्नीम, आणि अठराव्या दिवशी तिने स्वतःचा एक फोटो टाकला. आरशासमोर एका बाजूला वळून उभी, अंगाला घट्ट बसलेला झगा आणि पोट असे सपाट की जणू तिने बाजारातून मूल उचलून आणले असावे. खाली लिहिले होते, "अठरा दिवस. काहीच केलं नाही, फक्त अल्लाची मेहरबानी."

गल्लीभर तोच विषय. सासवा सुनांना दाखवत होत्या, सुना रात्री आपले पोट चाचपत होत्या. मीही तो फोटो महजूबाला दाखवला. तिच्याकडे तसला मोबाइल नाही. तिने ओले हात पुसले आणि पडदा डोळ्यांजवळ नेला.

"अठरा दिवस?"

"हो."

"ही बाळंतीण नाही."

"अगं विआम आहे ती! बतूलची सून. तोंड बघ ना."

"तोंडातलं मला काय कळतं? पोट बघ. अठराव्या दिवशी बेंबीखाली कणीक फुगल्यासारखं असतं, ते कुठं गेलं?" मग ती आणखी वाकून बघू लागली. "आणि मागची दाराची चौकट कमरेपाशी आत का वाकलीय? सुतार दारुडा होता का?"

मी पाहिले. खरेच, तिच्या कमरेशेजारी चौकट वाकलेली होती. विआमने मोबाइलवर बोटाने कमर आत ढकलली आणि तिच्याबरोबर भिंतही ढकलली गेली. अकरा हजार लोकांनी हे पाहिले नव्हते. जिला आपली सही करता येत नाही तिने पाहिले.

"कुणाला सांगायचं नाही," महजूबा म्हणाली.

"हे काय हम्मामात पाहिलंय?"

"मी बसलेय कुठं? हम्मामातच ना?"

मी तोंड दाबून धरले. मला ते किती जड गेले ते मलाच माहीत.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी कौसरचे चाळिसावे आले. कौसर विआमच्या दोन घरे पलीकडची, तिच्याच वयाची, तिच्या आधी आठ दिवस बाळंत झालेली. पहिला मुलगा, इयाद. लग्नाआधी गोबऱ्या गालांची, हसरी. त्या दिवशी ती माझ्यासमोर कपडे उतरवत होती. खांद्याची हाडे वर आलेली, डोळ्यांखाली काळे. आत महजूबाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच उचलला. मी बादल्या घेऊन आत गेले होते, मला सगळे ऐकू आले.

"काय खातेस?"

"खाते की."

"काय?"

कौसर साबण चोळू लागली. मग म्हणाली, "एक चहा मिळतो पानांचा. त्यानं पोट उतरतं. विआम पिते. मी तिला विचारलं होतं मोबाइलवर, तिनंच नाव सांगितलं."

"दूध?"

त्यावर कौसर जी रडू लागली ती थांबेचना. दूध दहा दिवसांपूर्वी गेले होते. चहाने गेले, उपासाने गेले की धास्तीने, ते अल्ला जाणे. इयाद बाटलीला तोंड लावत नव्हता, लावले तर ओकत होता. "सगळं करून माझं पोट हे असंच आहे, लल्ला. तिचं बघा. तिनं काहीच केलं नाही. माझ्यातच काहीतरी खोट आहे."

मी महजूबाकडे पाहिले. एक वाक्य पुरे होते. तो फोटो खोटा आहे, एवढेच. तिच्या ओठांवर ते आलेलेही मला दिसले. तिने ते गिळले, कौसरच्या डोक्यावर पाणी ओतले आणि म्हणाली, "आज घरी जाऊन कोंबडी खा. मेथ्या घातलेली. माझी शपथ आहे."

कौसर गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "कसली मेली तुझी रीत! पोरगी वाळतेय, पोर उपाशी, आणि तू तोंड शिवून बसलीस!"

"आज कौसरला विआमचं सांगितलं, तर उद्या विआमला कौसरचं सांगेन. परवा सगळ्यांचं. मग कोण कपडे काढेल माझ्यासमोर?"

"मग करणार काय?"

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. तिला ठाऊक नाही असे मी पहिल्यांदाच ऐकले.

विआमचे चाळिसावे बुधवारी होते. लल्ला बतूलने तीस बायकांना बोलावले, मेणबत्त्या आणल्या, मेंदी भिजवायला काढली. रविवारी विआमला सर्दी झाली. सोमवारी तस्नीमला. मंगळवारी बतूल स्वतः रडकुंडीला येऊन दाराशी उभी. "सून म्हणते, अख्खा हम्माम तिच्या एकटीसाठी द्या, कुणी नको, महजूबासुद्धा बाहेरच थांबू दे. माझी सून राणी झाली, हनिया!"

मला सगळे कळले होते आणि बोलता येत नव्हते. शहरात घरोघरी न्हाणीघरे असतात, तिथे असले खोटे खपून जाते. पण जिथे आठवड्यातून एकदा गावातली प्रत्येक बाई प्रत्येक बाईला उघडी बघते, तिथे पोटाचे खोटे बोलायचे? हे आमच्याच पोरी करू जाणोत. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहते का?

महजूबा म्हणाली, "एकटी नाही. तिची कबर उघडी आहे अजून." आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती एका बाळंतिणीच्या घरचा जिना चढली. गुडघे धरत. मीही मागोमाग गेले, मला कोण थांबवणार?

विआम खोलीत गाद्यांना टेकून बसली होती. कोपऱ्यात रफीसाची, बाळंतिणीच्या मेथ्या-कोंबडीची, ताटली झाकून ठेवलेली, वरची कोंबडी तशीच, तूप थिजलेले. झग्याच्या आत काहीतरी टणक दिसत होते. महजूबा तिच्याजवळ बसली, विचारले नाही की काही नाही, कमरेला हात लावला.

"किती पट्टे बांधलेस?"

"तीन," विआम म्हणाली आणि तिचा आव तिथेच गळून पडला. "लल्ला, मी नाही येणार. मी मेले तरी नाही येणार. सगळ्या बघतील. फोटो सगळ्यांनी पाहिलाय. बतूलच्या सुनेनं अकरा हजार लोकांना फसवलं म्हणून मरेपर्यंत हसतील. मला या गल्लीत राहायचंय."

"मग टाकलास कशाला?"

"कारण दुसऱ्या बायकांचे असेच होते! मी रोज बघत होते. दहा दिवस, बारा दिवस, आणि पोट आत. मला वाटलं मीच एकटी अशी. एकदाच टाकला. मग लोक इतकं चांगलं बोलले, काढता आला नाही."

तिच्या झग्याची छाती ओली झाली होती. महजूबाने तिकडे बोट दाखवले. "दूध आहे?"

"थांबतच नाही मेलं. तस्नीमचं पोट भरूनही वाहतं. सगळे कपडे खराब. दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर उभं राहता येत नाही."

तेव्हा महजूबाचे तोंड पाहण्यासारखे झाले होते. अर्ध्या उपाशी पोटावर, तीन पट्ट्यांखाली आवळलेले ते अंग दूध करत होते. मालकीण त्याचा तिरस्कार करत होती आणि ते रुसायचे सोडून दुप्पट राबत होते. महजूबाने "तबारकल्ला" म्हटले, आणि कितीतरी वेळ ती तशीच बसून राहिली. मला वाटले विसरली बहुतेक कशाला आलो ते.

मग म्हणाली, "बरं. तीस बायका नकोत. सकाळी आठला ये, हम्माम दहाला उघडतो. मी असेन, आणि कापडाचं दुसरं टोक धरायला एक बाई. एकच."

"कोण? खाल्ती हनिया?" पोरी मला खाल्ती म्हणतात, मावशी.

"हनियाचा खांदा दुखतो." माझा खांदा ठणठणीत आहे. "पद्धत अशी आहे की जिचं चाळिसावं आधी झालं तिनं पुढचीचं टोक धरायचं. कोण असेल ती. मी बघते. तिला सांगेन की आत पाहिलेलं आतच राहतं."

विआमने हिशेब केला. एक बाई तीस बायकांपेक्षा बरी होती. ती हो म्हणाली.

जिना उतरताना मी तिला विचारले, "ही कसली पद्धत? एकतीस वर्षांत मी कधी ऐकली नाही."

"मीही नाही," महजूबा म्हणाली आणि कठडा धरून खाली उतरली.

त्या बाईची अक्कल तेव्हा माझ्या ध्यानात आली. एक शब्द इकडचा तिकडे न करता तिने दोघींना एका खोलीत आणले होते. मी लिहायला वाचायला शिकले आहे, सातवीपर्यंत गेले आहे, माझ्या डोक्यात ते सात जन्मांत आले नसते.

बुधवारी विआम आठला आली, डोळ्यांपर्यंत गुंडाळून. तस्नीमला पाजून आजीजवळ ठेवले होते. महजूबाने तिला आत नेले. मागाहून कौसर आली, इयादला पाठीशी बांधून. त्याला माझ्या ओट्यावर गोधडीत निजवले. पोर इतके हलके होते की गोधडीच जड वाटली. कौसरला कुणाच्या न्हाणाला आलेय ते माहीत नव्हते. बाळंतिणीचे टोक धरायला बोलावले की नाही म्हणायचे नसते, एवढे तिला माहीत होते.

मी बादल्यांचे निमित्त करून आत शिरले.

विआम फरशीवर बसली होती, महजूबा तिचे शेवटचे पट्टे सोडत होती. दोन्ही कुशींवर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते. मग ते पोट सुटले. सैल, मऊ, घडी पडलेले, बेंबीखाली जांभळ्या रेघा, मधून खाली जाणारी काळी ओळ. दारात उभ्या कौसरने ते पाहिले. मग तोंड पाहिले. विआमने दोन्ही हातांनी पोट झाकले. एवढ्याशा हातांनी काय झाकणार ती?

नळ तेवढा वाहत होता.

"हे तुझं?" कौसर म्हणाली.

विआमने मान डोलावली.

कौसर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने विआमचे हात बाजूला केले, आणि त्या पोटाची घडी चिमटीत धरून पाहिली, कापडाचा पोत बघतात तशी. मग स्वतःच्या पोटाची धरली. "माझंही असंच आहे. अगदी असंच. मग तो फोटो?"

"खोटा आहे."

"आणि चहा?"

"मी पिते. काही होत नाही त्यानं."

"माझं दूध गेलं, विआम." कौसरचा आवाज अगदी लहान झाला होता. "तुझ्यासारखं व्हायला गेले. तीन आठवडे मी रोज सकाळी उठून आधी तुला बघत होते, मग माझ्या पोराला."

मला वाटले आता कौसर विआमच्या झिंज्या उपटणार, आणि खरे सांगते, माझी अडवायची इच्छा नव्हती. महजूबा मात्र आपल्या कामाला लागली होती. तिने विआमला निजवले, पोटावर दोन्ही तळवे ठेवले आणि डोळे मिटले.

"मुलगी उजवीकडं पाय मारायची?"

"हो," विआम हुंदके देत म्हणाली. "बरगडीखाली. तुम्हांला कसं कळलं?"

"इथं कातडी जास्त ताणलीय. डोकं इथं होतं, शेवटचा महिनाभर. पाठ डावीकडं." तिचा हात सावकाश फिरत होता आणि तस्नीम आत कशी निजली होती ते आम्हां तिघींना दिसत होते. मला दोन मुले झाली, तरी मला कुणी असे दाखवले नव्हते. माझे डोळे भरून आले. वाफेने नव्हे. "कौसर, हात दे इकडं. बघ. तुझा इयाद आडवा होता, लक्षात आहे माझ्या. ही उभी होती. तबारकल्ला. दोघींनी काय काय पेललंत, आणि तुम्ही लाजताय कुणाला?"

कौसरचा हात विआमच्या पोटावर तसाच राहिला.

मग महजूबाने कापड कमरेखाली सरकवले आणि टोक कौसरच्या हातात दिले. कौसरने असे ओढले की विआम किंचाळली.

"हळू," महजूबा म्हणाली. "मिटवायचंय, सूड नाही घ्यायचा."

विआम म्हणाली, "ओढू दे तिला."

तेवढ्यात बाहेर इयाद रडू लागला. मी धावत गेले. बाटली तोंडाशी नेली, त्याने जिभेने ढकलली. रडणे तरी कसले, मांजराच्या पिलाचे. मागून ओल्या पावलांचा आवाज आला. तिघीही बाहेर आल्या होत्या. विआमच्या कमरेला फक्त एक पंचा होता, आणि तिच्या छातीतून दूध पोटावर आणि पोटावरून फरशीवर ठिबकत होते. दुसऱ्याचे पोर रडले आणि तिचे अंग तिला न विचारताच धावून आले होते.

ती कौसरला म्हणाली, "देऊ?"

कौसरने महजूबाकडे पाहिले. आमच्यात हे सोपे नसते. दुसरीचे दूध एक घोटभर जरी पोटात गेले तरी ते पोर तिचे होते. तिची मुले त्याची सख्खी भावंडे, त्यांच्यात लग्न नाही, आणि हे जन्मभर, नातवंडांपर्यंत. हे नाते लपवून चालत नाही, सगळ्यांना माहीत असावे लागते.

"इयाद तिचा होईल," महजूबा म्हणाली. "पक्कं ठरव."

"पोर जगू दे आधी," कौसर म्हणाली. "मग कुणाचंही असू दे." आणि तिने स्वतःच्या हाताने त्याला उचलून विआमच्या कुशीत दिले.

त्याने दोनदा तोंड फिरवले. तिसऱ्यांदा धरले. मग जो प्यायला लागला, बापरे, ओट्यावर बसून आम्हांला घोट ऐकू येत होते. कौसर त्याचे घोट मोजत होती आणि रडत होती. त्याच्या टाचा विआमच्या सैल पोटात रुतल्या होत्या. तिने त्या हलवल्या नाहीत.

"साक्षीला कोण?" मी म्हटले. "मी आहे, महजूबा आहे."

"मी नाही," महजूबा म्हणाली. "उद्या कुणी विचारलं तर मी काही पाहिलं नाही म्हणेन. जन्मभर हेच म्हणत आलेय, आता बदलता येणार नाही. आणि तुझ्यावर गावात विश्वास कोण ठेवतं?"

मला राग आला, पण खोटे काय आहे त्यात?

दहा वाजत आले होते. दाराबाहेर बादल्यांचा खणखणाट आणि बायकांच्या गप्पा ऐकू येऊ लागल्या. कुणीतरी कडी वाजवली. त्यात लल्ला झोरचा आवाज होता, खाटकाची बायको, गावातली सगळ्यात तिखट जीभ. मी ओट्यावरची चादर उचलून विआमकडे धरली.

तिने चादरीकडे पाहिले. दाराकडे पाहिले. मग इयादकडे. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ आला होता आणि तो झोपेतच पीत होता.

"नको, खाल्ती," ती म्हणाली. "दार उघडा."

"अगं, झोर आहे बाहेर."

"तीच हवी."

मी कडी काढली. आठ-नऊ जणी बोलत बोलत आत आल्या आणि जागीच थांबल्या. विआम समोरच बसली होती, भर उजेडात, ओल्या केसांनी, तिचे सगळे पोट मांडीवर आलेले, त्यावर कौसरचा मुलगा. ती मोठ्याने म्हणाली,

"या. जवळ या सगळ्या. नीट बघून घ्या. मी कौसरच्या इयादला दूध पाजलंय. उद्या कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं."

लल्ला झोर पुढे आली. तिने बादली खाली ठेवली, आवाज न करता. ती वाकली, आणि दूध पिणारे तोंड बघायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ पाहत राहिली. रेघा, घडी, पट्ट्यांचे वळ, सगळे.

"पाहिलं," ती म्हणाली.

तिच्यामागून दुसरी वाकली, मग तिसरी. एकेक करून सगळ्या म्हणाल्या, "पाहिलं."